दार काढणे

दीड इंच.

गेले सव्वीस दिवस चिंदरकरांच्या घरातलं सगळं त्या दीड इंचावर अडून बसलं होतं. बाबांची चाकांची खुर्ची साडेपंचवीस इंचांची आणि बाथरूमचं दार चोवीस इंचांचं. मानसीनं शिवणाच्या टेपनं तीनदा मोजलं होतं. सासरा हॉस्पिटलातून घरी आला, दोन जिने चौघांच्या खांद्यांवरून चढला, आणि आपल्याच घरात, आपल्याच मोरीच्या तोंडाशी येऊन थांबला.

आता त्या दाराशेजारची भिंत कुणीतरी चावा घेतल्यासारखी दिसत होती. गेल्या शुक्रवारी राजेश कंत्राटदारानं घण घातला. चौकटीच्या डाव्या अंगाची वीतभर भिंत उतरली आणि खालच्या मजल्यावर पाध्यांच्या छताला तडा गेला. पाध्यांनी त्याच दुपारी तक्रार केली. सोमवारी वॉर्ड ऑफिसचा माणूस दारावर ‘काम थांबवा’ची नोटीस चिकटवून गेला, आणि राजेशचा फोन तेव्हापासून बंद. आज बुधवार. अकरा वाजता इंजिनिअर बाई पाहणीला येणार होत्या, म्हणून तिच्या नवऱ्यानं, सुबोधनं, ऑफिसात रजा टाकली होती आणि त्याचा धाकटा भाऊ हर्षद बोरिवलीहून सकाळीच मुलुंडला येऊन बसला होता.

मानसी पेला घेऊन बाबांपाशी गेली. “बाबा, दोन घोट. फक्त दोन.”

गुणाजींनी पेल्याकडे पाहिलं, मग बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले.

पक्षाघाताच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला आणि शब्द नेले. चार-सहा शब्द तेवढे मागे राहिले, मासळीबाजार उठल्यावर टोपलीच्या तळाशी राहतात तसे. पण पाणी ते का पीत नाहीत हे सांगायला शब्द लागत नव्हते. पाणी प्यायलं की जावं लागतं. जावं लागलं की मुलानं आणि सुनेनं दोन्ही बगलांत हात घालायचे, नाहीतर बाजेखालचं भांडं. गिरणीत जॉबर असताना साठ माणसांवर आवाज टाकलेला हा माणूस सुनेच्या हातातल्या भांड्यापुढे डोळे मिटून घेई. त्यापेक्षा तहान बरी. डॉक्टर दोनदा सांगून गेले होते, मूत्रपिंडावर ताण येतोय, पाणी पोटात जायलाच हवं.

“नाही ना घेतलं?” हर्षद मागून म्हणाला. “वहिनी, हे असं नाही चालणार. कर्जतच्या शुश्रूषा केंद्रात सोमवारी बेड रिकामा होतोय. मी हो म्हणून ठेवलंय.”

मानसीनं कमरेचा पट्टा जरा घट्ट केला. सव्वीस दिवसांत तिची पाठ तिच्याशी रोज भांडत होती, आणि काल पहाटे न्हाताना तिनं स्वतःशीच म्हटलं होतं, खरंच नेऊ देत. मग लाजून डोक्यावर आणखी दोन तांबे ओतून घेतले होते. सासू तांदूळ निवडत भिंतीशी बसली होती. तिच्यासमोर हो म्हणवेना आणि नाही म्हणायला अंगात बळ नव्हतं.

नलिनीबाईंनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “मी खंय ऱ्हवू मग?”

“आई, तू इथेच. आठवड्याला मी घेऊन जाईन ना तुला भेटायला.”

“आठवड्याक,” नलिनीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागल्या. त्या काहीतरी गुणगुणत होत्या. आईकडून आलेली सवय. जातं केव्हाच गेलं, ओवी तेवढी राहिली होती, आणि अडचण आली की ती आपसूक ओठांवर येई. ‘काढिलं गं दार…’ एवढंच त्या म्हणत आणि थांबत. पुढची ओळ काही केल्या जुळत नव्हती.

*

हर्षदला ती गुणगुण सहन होईना. आईनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, ते परवडलं असतं.

“पाध्यांनी वाट लावली आपली,” तो म्हणाला. “अजून एक दिवस थांबले असते तर काम झालं असतं. अठरा वर्षांचं उट्टं काढलं म्हाताऱ्यानं.”

अठरा वर्षांपूर्वी चिंदरकरांच्या बाथरूमचं पाणी पाध्यांच्या छतातून ठिबकू लागलं होतं. पाध्ये वर आले, इंग्रजीत बोलले. बाबा मालवणीत बोलले. दोघांनाही एकमेकांचं जे कळलं नाही तेच मनाला लागलं. गळती सहा महिन्यांनी बंद झाली. बोलणं सुरू झालं नाही.

“उट्टं कसलं?” सुबोध खुर्चीतून म्हणाला. “त्यांच्या डोक्यावर प्लास्टर पडलं असतं रे.”

“तू कायम त्यांच्याच बाजूचा.”

“मी भिंतीच्या बाजूचा आहे. मी तुला म्हटलं होतं, परवानगी काढू, मग हात लावू. तू म्हणालास, गरज नाही.”

“गरज नाहीच! पत्र आहे ना आपल्याकडे.” हर्षदनं खिशातून फोन काढून भावासमोर धरला. “हे बघ. अर्ज गेला, उत्तर आलं, मी ग्रुपवर टाकलं. ‘आपल्या अर्जात नमूद केल्यानुसार स्नानगृहाचे दार काढण्याच्या कामास परवानगीची आवश्यकता नाही.’ खाली साहेबांची सही. अजून काय हवं? तूच अंगठा दिलास त्यावर.”

सुबोधनं खरंच अंगठा दिला होता. ऑफिसात, एका मीटिंगमध्ये, टेबलाखाली.

हर्षदच्या छातीत काहीतरी टोचत होतं, आणि ते टोचतं आहे हे कुणाला दिसू नये म्हणून तो आणखी मोठ्यानं बोलत होता. सोसायटीच्या ऑफिसातून पत्र त्यानंच आणलं होतं. राजेशला त्यानंच शोधला होता. घण पडला तेव्हा तो फोनवर व्हिडिओ काढत होता, बाबांना दाखवायला. पहिल्याच घावाला बाबांनी डावा हात वर केला आणि ‘नाय, नाय’ असं काहीतरी ओरडले. त्याला वाटलं, आवाजानं घाबरले.

“आणि सोमवारचं तू मला विचारलं होतंस?” सुबोध आता उभा राहिला. “बाबा काय सामान आहेत, इथे मावत नाहीत म्हणून तिकडे टाकायला?”

“मग तू सांग ना उपाय! वहिनीची पाठ बघितलीस? तुला दिसते का?”

सुबोधनं बायकोकडे पाहिलं. मानसीनं पाहिलं नाही. हर्षदला वाटलं, आपण जिंकलो. आणि जिंकल्याचं काहीच बरं वाटलं नाही.

“गप ऱ्हवा दोघव,” नलिनीबाई ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या. “तेंका ऐकाक येता. वाचा गेली, कान नाय गेले.”

दारावरची घंटा वाजली.

*

इंजिनिअर सुलक्षणाबाई दिसायला चाळिशीच्या आतल्या, पायात चिखलाचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप, हातोडी आणि फाईल. त्यांच्या मागे विद्याधर पाध्ये. अठरा वर्षांनंतर हा माणूस चिंदरकरांच्या उंबऱ्यावर उभा होता आणि आत यावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं.

“या,” मानसी म्हणाली. मग जरा थांबून, “काका, तुम्हीही या.”

“मी इथेच बरा आहे,” पाध्ये म्हणाले आणि एक पाऊल आत आले.

सुलक्षणाबाई सरळ भिंतीशी गेल्या. हातोडीच्या दांड्यानं त्यांनी ठिकठिकाणी ठोकलं, कान लावला, विटा मोजल्या, मग वर छताकडे आणि खाली फरशीकडे पाहिलं.

“किती साली बांधली इमारत?”

“चौऱ्याहत्तर,” पाध्ये आणि सुबोध एकदम म्हणाले.

“तरीच. हिला खांब नाहीत. भिंती हेच खांब. ही नऊ इंची आहे, आणि वरचे दोन मजले हिच्या डोक्यावर उभे आहेत. अजून हातभर पुढे गेला असतात ना…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “मी आधी खाली जाऊन आले. तुमच्या बाथरूमखाली आज तीन लोखंडी टेकू आहेत, माहीत आहे ना?”

कुणालाच माहीत नव्हतं.

“शुक्रवारी रात्र व्हायच्या आत यांनी लावून घेतले. भाच्याच्या साइटवरून आणवले. नवरा-बायको पाच दिवस स्वयंपाकघरात झोपतायत, बेडरूममध्ये टेकू म्हणून.”

सगळ्यांनी पाध्यांकडे पाहिलं. पाध्ये चप्पल बघत होते.

“सांगायचं नाही का, काका?” सुबोधचा आवाज एकदम लहान झाला.

“बोलत कुठे होतो आपण?” पाध्ये म्हणाले. “आणि तक्रार केली नसती तर तुम्ही थांबला नसतात. मी दोनदा वर येऊन घंटा वाजवली. घणाच्या आवाजात कुणाला ऐकू गेली नाही. मग म्हटलं, असो, कागदाचा आवाज मोठा असतो.”

हर्षदनं तरी फोन पुढे केला. “मॅडम, आमची चूक असेल, पण बेकायदा नाही केलं काही. हे तुमचंच पत्र आहे.”

सुलक्षणाबाईंनी फोनकडे पाहिलं. “मीच लिहिलंय. मागची बाजू वाचलीत?”

“मागे काय आहे?”

“इथे खाली लिहिलंय ना. कृ. मा. प.”

“ते…” हर्षद थांबला. “ते साहेबांचं नाव नाही का? म्हणजे, इनिशिअल्स?”

मग पाध्यांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. “कृष्णाजी माधव पटवर्धन!” ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून हसू लागले. हसता हसता आपण कुठल्या भिंतीला टेकलो आहोत ते लक्षात येऊन दचकले आणि बाजूला झाले.

“कृपया मागे पाहावे, रे गाढवा,” सुबोध म्हणाला. “कृपया, मागे, पाहावे.” चिंदरकरांच्या घरातला इंग्रजी शाळेत गेलेला पहिला मुलगा, हर्षद, लाल होऊन उभा होता.

मानसीनं देव्हाऱ्याशेजारच्या फाईलमधून मूळ पत्र काढून आणलं आणि उलटं केलं. मागे तीन ओळी होत्या. ‘तथापि, भिंतीत कोणताही फेरबदल करावयाचा असल्यास आराखडा व स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दाखल्यासह पूर्वपरवानगी घेणे बंधनकारक राहील.’

“आमचे जुने कारकून अजून तसंच टाइप करतात,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरत नव्हतं, पण भिंतीकडे बघून त्यांनी ते आवरलं. “रंग द्या, फरशी बदला, नळ बदला, दार बदला, आम्हाला विचारायची गरज नाही. भिंतीला हात लावायचा तर विचारावंच लागतं. भिंत तुमच्या एकट्याची नसते हो. वरच्यांचीही असते, खालच्यांचीही.”

“पण मॅडम, अर्ज दार काढायचाच होता ना,” हर्षद म्हणाला. “आम्ही तेच करत होतो. दार काढत होतो.”

“कुठे काढत होतात? दार तर तिथेच आहे.”

सगळे वळले. खरंच, दार तिथेच होतं. हिरव्या रंगाचं, खाली पाण्यानं फुगलेलं, बिजागऱ्यांवर सुखरूप. शेजारची भिंत तेवढी फुटली होती.

“म्हणजे… भिंतीत दार काढणे,” सुबोध सावकाश म्हणाला. “नवीन. रुंद.”

“अच्छा!” सुलक्षणाबाईंनी कपाळावर हात मारला. “मी वाचलं, आहे ते दार काढून टाकणे. म्हटलं, चांगली माणसं आहेत, एवढ्यासाठीसुद्धा अर्ज करतायत.” त्यांनी फाईल उघडली. “अर्ज कुणाच्या हातचा? अक्षर फार सुरेख आहे.”

“माझ्या,” नलिनीबाई म्हणाल्या.

*

तांदळाचं ताट बाजूला सारून त्या उठल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या नलिनीच्या अक्षराची मालवणातल्या शाळेत पाटी फिरवली जात असे. आता बाईंनी कागद समोर धरला होता आणि त्यावरची वाक्यं त्यांना दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. ‘माझे पती गुणाजी बाबू चिंदरकर हे आजारी असून त्यांच्या सोयीसाठी न्हाणीचे दार काढणे आहे.’

“मी मनचा काय नाय लिवलंय,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी सांगितल्यानी तसाच.”

“बाबांनी सांगितलं?” मानसीनं विचारलं. “कधी?”

“घरी आणल्यानी त्याच दिवशी. खुर्ची अडाकली, तेव्हा.”

सगळ्यांना आठवलं. खुर्ची दारात अडली होती, सुबोध मागून ढकलत होता, आणि बाबांच्या तोंडून हॉस्पिटलनंतरचे पहिले दोन शब्द निघाले होते. दार काढ. केवढा आनंद झाला होता! बाबा बोलले! शब्द आले याच्याच भरात शब्दांचा अर्थ कुणी विचारला नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं, बाबांना मोठं दार हवं. आणि त्या आनंदात अर्ज लिहिला, सोसायटीची सही घेतली, कंत्राटदार शोधला, घण आणला.

खोलीच्या तोंडाशी खुर्चीत बसलेल्या गुणाजींनी डावा हात वर केला. बोटं मिटली, काहीतरी वर उचलल्यासारखं केलं आणि बाजूला टाकून दिल्यासारखी उघडली. मागावरची सुताची कांडी संपली की काढून टाकतात तशी. गेले सव्वीस दिवस ते हे करत होते. डॉक्टर म्हणाले होते, हाताला झटके येतात.

“दार…” ते म्हणाले. कपाळावर घाम आला. “काढ. दार… काढ.”

नलिनीबाई नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिल्या आणि त्यांना आपल्या जिभेवरचा तो शब्द नव्यानं चाखल्यासारखा वाटला. किती काय काय काढलं होतं या घरात! संपाच्या काळात दिवस काढले. पोरांना गोवर आला तेव्हा त्यांच्या उशाशी रात्री काढल्या. रुसलेल्या सासूची समजूत काढली, दारात रांगोळी काढली, हर्षद बारावीला पहिला आला तेव्हा त्याची दृष्ट काढली. गावाची आठवण काढली. एकच शब्द, आत आणायलाही तोच आणि बाहेर टाकायलाही तोच. आयुष्यभर ह्यांच्या बोलण्याचा अर्थ आपण डोळे मिटून लावला, आणि नेमका जेव्हा त्यांच्यापाशी दोनच शब्द उरले तेव्हा उलटा लावला. आणि ऑफिसात बसलेल्या या परक्या पोरीनं, ह्यांचं तोंडही न बघता, नुसत्या कागदावरून सुलटा वाचला.

“टेप आहे का कुणाकडे?” सुलक्षणाबाई विचारत होत्या. “माझी राहू द्या, ती समोरची शिवणाची द्या, तुमचा विश्वास तिच्यावरच असणार.”

मानसीनं टेप दिली. सुलक्षणाबाईंनी या बाजूच्या विटेपासून त्या बाजूच्या विटेपर्यंत मोजलं. “दाराची फळी काढली, लाकडी चौकट काढली, तर मोकळी जागा राहते एकोणतीस इंच. वर दगडी पट्टी आहे, भार तिच्यावर आहे, चौकटीवर नाही. खुर्ची किती इंचांची?”

“साडेपंचवीस,” चौघंही एकदम म्हणाले.

“मग झालं की.”

सुबोध हळूच जाऊन वडिलांच्या पायाशी उकिडवा बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. गुणाजींचा डावा हात मुलाच्या केसांवर आला, थोडा वाकडा, थोडा जड.

“आधी ही फोडलेली भिंत भरून घ्यायची,” सुलक्षणाबाई फाईलवर लिहीत म्हणाल्या. “स्ट्रक्चरल इंजिनिअर उभा करून. त्याचा दाखला मला आणून द्या, मी नोटीस बंद करते. खालचे टेकू तोवर हलवायचे नाहीत. पाध्येसाहेब, आणखी आठ-दहा दिवस चालेल?”

“कुंदाला स्वयंपाकघर आवडायला लागलंय,” पाध्ये म्हणाले. “पहाटे चहा लवकर मिळतो.”

नलिनीबाईंनी हात जोडले. सुलक्षणाबाईंना जोडले, मग वळून पाध्यांनाही. पाध्ये घाईघाईनं म्हणाले, “अहो वहिनी, हे काय! तुमच्या घराखाली मीच राहतो ना. माझ्यासाठीच केलं.” आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

हर्षद फोन घेऊन गॅलरीत गेला होता. त्याचा आवाज आत ऐकू येत होता. “नाही, नाही, सोमवारचं नको. दुसऱ्या कुणाला तरी द्या. हो, कायमचं.” मग आत येऊन तो वहिनीसमोर उभा राहिला. “मी शनिवार-रविवार येत जाईन. बाबांचं आंघोळीचं मी बघीन. तू त्या दोन दिवसांत पाठ टेकायची, बस.”

“बस काय,” मानसी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण टोला सोडायला ती तयार नव्हती. “आधी लिहून दे. दोन्ही बाजूंनी.”

*

दहाव्या दिवशी, शनिवारी, दार निघालं.

गुणाजी सकाळपासून खुर्चीत तयार बसले होते. धुतलेला सदरा, केसांना तेल. भिंत भरली होती; नव्या सिमेंटचा ओला करडा पट्टा जुन्या पिवळ्या रंगात भरल्या जखमेसारखा दिसत होता. दाखला गेला होता, नोटीस उतरली होती. त्यांच्या दोन मुलांनी मिळून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, फळी उचलली. मग सुताराच्या सांगण्यावरून चौकटीचे खिळे एकेक करून उपटले. थोरला म्हणत होता हळू, धाकटा म्हणत होता जोर लाव. लहानपणी पतंग काढतानाही हे असेच भांडत. गुणाजींना हसू आलं. ते ओठांच्या एकाच बाजूला आलं, पण आलं.

चौकट निघाली आणि आतल्या झरोक्यातला उजेड थेट बाहेर आला, फरशीवरून घरंगळत त्यांच्या चाकापर्यंत.

नलिनीनं आपल्या एका जुन्या लुगड्याचा पडदा शिवून ठेवला होता. अंजिरी रंगाचं, बारीक काठाचं. गुणाजींनी ते ओळखलं. मालवणच्या बाजारातून त्यांनीच आणलेलं, गिरणी बंद पडायच्या आधीच्या दिवाळीला. तिनं तो दांडीवर चढवला आणि चढवता चढवता तिची ओवी अखेर पुरी झाली. एवढ्या माणसांत ती मोठ्यानं म्हणाली नसती, पण आज म्हणाली.

“काढिलं गं दार, उजेडानं भरलं घर,
माझ्या कंथाच्या रथाला वाट झाली हातभर.”

“हातभर कुठे आई, साडेतीन इंच,” हर्षद म्हणाला.

“गप ऱ्हव मेल्या. ओवीत टेप लावतत?”

सुबोध खुर्ची ढकलायला मागे गेला. गुणाजींनी डावा हात उगारला. नको. हात चाकावर ठेवला. डाव्या पायानं फरशी रेटली, डाव्या हातानं चाक ढकललं. खुर्ची थोडी फिरली, थोडी वाकडी गेली, सरळ झाली. उंबरा सुतारानं घासून सपाट केला होता. दोन्ही बाजूंना जागा राहत होती. कोपर भिंतीला लागत नव्हतं. लुगडं चेहऱ्यावरून मऊ सरकलं आणि मागे मिटलं.

आत ते एकटे होते. छत्तीस दिवसांत पहिल्यांदा, कुणाच्याही हातांशिवाय, कुणाच्याही डोळ्यांशिवाय, एकटे. हाताशी नवी बसवलेली कांब होती. ती धरायला वेळ लागला, धरून उठायला त्याहून जास्त, पण बाहेर कुणी ‘बाबा, झालं का?’ विचारलं नाही. नलिनीनं सगळ्यांना स्वयंपाकघरात हाकललं होतं, हे त्यांना आवाजावरून कळलं. भिंतीला हात टेकून ते जरा वेळ उभे राहिले. नऊ इंचांची भिंत. वरच्यांची, खालच्यांची, आणि मधे त्यांची. चांगली भिंत होती. ‘ऱ्हव अशीच,’ ते मनात तिला म्हणाले.

मग त्यांनी नळ सोडला. पाणी बादलीत धडधडत पडलं, आणि त्यांना एकदम अठरा वर्षांपूर्वीचं आठवलं.

“सु…बोध!”

स्वयंपाकघरातली पावलं धावत आली आणि पडद्याशी थबकली. “काय झालं, बाबा? येऊ आत?”

“नाय.” शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. टोपलीच्या तळाशी हात फिरवावा तसा त्यांनी तो फिरवला. “पाध्ये… गळता? इचार.”

मग सुबोध गॅलरीत गेला, खाली वाकला आणि हाक मारली. परत येताना तो हसत होता. “काका म्हणतायत, थेंब नाही! आणि म्हणतायत, गुणाजीरावांना सांग, संध्याकाळी चहाला वर येतो.”

गुणाजींनी मान हलवली. ती कुणी पाहिली नाही. पाहायची गरजही नव्हती.

ते बाहेर आले तेव्हा सदऱ्याची बाही ओली होती आणि खुर्ची दारातून उलटी निघाली होती, पण निघाली होती. मानसी समोर उभी होती. तिच्या हातात पेला होता, सवयीनं भरलेला. विचारावं की नाही, अशा विचारात ती तो मागे घेणार तोच गुणाजींनी डावा हात पुढे केला.

त्यांनी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला नाही. पाणी हनुवटीवरून थोडं ओघळलं, बाकीचं सगळं आत गेलं. तळ दिसेपर्यंत. मग त्यांनी पेला सुनेपुढे धरला.

“आनी,” ते म्हणाले. “भरून.”